दोन चिरांची कॉलर

माझ्या नणंदेचं डोकं फिरलंय, ही बातमी हल्ली आमच्या गल्लीत सकाळच्या पेपरबरोबर घरोघर पोचते. परवा बेकरीवाला पाव बांधता बांधता मला म्हणाला, "बाई, ऐकलं ते खरं का? नवा कोरा तागा मधूनच कापला म्हणे त्यांनी. फुलं केली म्हणे त्याची."

मी म्हटलं, "केली. मी समोर उभी होते."

त्याने अशी काही मान हलवली की मीसुद्धा त्याच माळेतला मणी ठरले. "वयच हो," म्हणाला, आणि पुडक्याला दोरा गुंडाळला.

वय तर माझंही झालंय. तिच्याहून मी मोठीच आहे. वयाने गुडघे जातात, दात जातात, पण दर वेळी अक्कलच जाते असं काही नाही. जे झालं ते पूर्ण शहाणपणाने आणि ठरवून झालं. ते कसं झालं हे ठाऊक असलेली माणसं मोजकी आहेत, आणि माझ्याखेरीज सगळ्यांची गप्प बसण्यात सोय आहे. म्हणून मी लिहिते.

गल्लीत तिला कात्री म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात, कारण तिला ते आवडतं. एक कात्री तिच्या हातात असायची आणि दुसरी तोंडात. माझं लग्न झालं तेव्हा ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजं-बटणं करत होती. मी नवी नवरी, विज्ञानाची पदवी घेऊन आलेली, जरा ताठच. पहिल्याच आठवड्यात माझ्यादेखत ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, भोक तुझ्या खिशाला नाही, तुझ्या हाताला आहे. ते मला शिवता येत नाही. वहिनीला कॉलेजात शिकवलं असेल तर बघ." मला ती त्याच क्षणी आवडली. पुढे आयुष्यभर मी बटण तुटलं की तिच्याकडे जात राहिले, आणि ती दर वेळी ते दाताने दोरा तोडताना मला ऐकवत राहिली.

तिचा नवरा हा प्राणी फार टिकला नाही. मेला नाही, दुसरीकडे दुसरा संसार मांडून बसला. त्यावर ती एकदाच बोलली: "माप चुकलं होतं. उसवलं. संपलं." मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला ती कामावर घेऊन जायची आणि बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसवायची. तिथेच तो मोठा झाला.

त्या टेबलावर तेव्हा एक म्हातारा मास्तर होता. कापड अंथरायचं, पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, खडूने आखायचं आणि कापायचं, म्हणजे बेतायचं, हे काम त्याचं. त्याने तिला हाताखाली घेतलं. कॉलरीच्या मधोमध कात्रीच्या टोकाने एक बारीक चीर द्यायची असते, म्हणजे शिवणारीला मध्य सापडतो. मास्तरने तिला दोन चिरा द्यायला लावल्या, एकीला लागून दुसरी. का, तर बिघडलेला माल कुणाचा हे शोधत बसायला नको. ती शिक्षेची खूण होती. पुढे तिच्या हाताला सफाई आली, मास्तरच्या बरोबरीची आली, तरी दुसरी चीर तिने सोडली नाही. म्हणायची, "आता चांगला माल कुणाचा, ते कळू दे की."

मग मास्तरची नजर अधू झाली. बाह्या एक लांब एक आखूड निघायला लागल्या. मालकाने कानाडोळा केला, शिवणाऱ्या बायका गुपचूप जोड देऊन भागवायला लागल्या. एक दिवस हिने सगळ्यांसमोर त्याच्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "मास्तर, हात गेला तुमचा. उठा आता." म्हातारा उठला, कोट चढवला, कोटाची बटणं लावायला त्याला बराच वेळ लागला, आणि तो गेला. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला होती.

मी म्हटलं, "अगं, जरा बाजूला घेऊन सांगायचं."

"बाजूला घेतलं असतं तर ऐकल्यासारखं करून उद्या परत येऊन बसला असता. आणि सगळ्यांनी परत त्याच्या पाठीमागे बाह्या जोडल्या असत्या. त्यापेक्षा हे बरं."

"त्याला नाही बरं वाटलं असणार."

"मी बरं वाटायला नाही, बेतायला बसलेय."

मला ते कठोर वाटलं आणि बरोबरही वाटलं. आजही दोन्ही वाटतं.

पुढे मालक थकला तेव्हा तिने त्याची यंत्रं घेतली आणि आमच्या समोरच्या घराच्या तळमजल्यावर आणून मांडली. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. कुरिअरवाल्यांचे पिवळे शर्ट, हॉटेलातल्या मुलींची जांभळी जाकिटं, इस्पितळाचे पांढरे कोट, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे झगे, रस्ते झाडणाऱ्यांचे नारिंगी अंगरखे, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. बाहेर निघालो की ती माणसं बघत नसे, शिवण बघत असे. एकदा एका ढेरपोट्या व्यवस्थापकाचं माप घेताना म्हणाली, "साहेब, टेप संपली. पोट अजून चालूच आहे." तो हसला म्हणून बरं.

तीनेक वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरने सांगितलं, हे वाढणार, गोळ्यांनी थोडं दबेल इतकंच. तिने कोपर टेबलावर रोवून कापायला सुरुवात केली. मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, मोठ्या मालाचं बेतणं हळूच स्वतःकडे घेतलं. तिला म्हणाला, "आई, कॉलरी मात्र तूच काप. त्या तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत." ती खूश. रोज सकाळी तिच्या टेबलावर कापडाची लहानशी थप्पी तयार असायची. ती कापायची, दोन चिरा द्यायची, चिंधीने गठ्ठा बांधायची, आणि भाचा तो उचलून न्यायचा. शिवणाऱ्या बायकांवर ओरडायची, "हात चालवा गं, माझ्या कॉलरी तशाच पडल्यात!" त्या माना खाली घालून "हो मावशी" म्हणायच्या. मी म्हणायचे, बघा, या वयातही केवढा धाक.

मागच्या पावसाळ्याअखेर सुनेला दिवस गेलेले होते. काम कमी झाल्यामुळे कात्री टेबलामागच्या खिडकीशी बसून राहायला लागली होती. त्या खिडकीबाहेर एक मोकळा पट्टा आहे. तिथलं जुनं गोदाम पाडलं, नवं काही उभं राहिलं नाही. पाऊस ओसरायला लागला की त्या विटा-मातीच्या ढिगाऱ्यावर रानफुलांचं असं काही पेव फुटतं की बघत राहावं. पिवळी, जांभळी, मध्येच पांढरी छत्रीसारखी, आणि एखादंच लालभडक, कुणाच्या तरी हरवलेल्या मोज्यासारखं.

"वहिनी," ती एक दिवस म्हणाली, "इतकी वर्षं पाठ करून बसले होते मी याच्याकडे."

मी तिला फुलांची नावं सांगायला लागले. शाळेत विज्ञान शिकवायचे ना, खोड जात नाही.

"नावं काय करायचीत? त्यांना शाळेत घालायचंय का?" ती म्हणाली. "मी याची गोधडी करणार. लहानशी, बाळाला पुरेल एवढी. आणि आखायची नाही. खडू नाही, टेप नाही, पुठ्ठा नाही. कात्री नेईल तिकडे."

तिने असं बोलावं याचं मला नवल वाटलं. जिने उभ्या जन्मात न आखता रुमालसुद्धा कापला नाही, ती! पण मग लक्षात आलं. आखलेल्या रेघेवरून तिची कात्री घसरत होती, तर रेघच नको. फुलाची कड कुठे सरळ असते? हाताची थरथर तिथे चूक ठरत नव्हती, पाकळी ठरत होती.

दुपारी मी वर जायचे, सुईत दोरा ओवून द्यायला. तेवढंच मला येतं. ती ऑपरेशनच्या झग्याचं हिरवं कापड घ्यायची, त्यात उभी चीर मारायची, त्या चिरेत पोपटी रंगाची बारीक पट्टी बसवून मशीनवर टीप मारायची. झाला देठ. कुठे वाकडा, कुठे मध्येच तुटलेला. वर कुरिअरचा पिवळा तुकडा, तिरका कापलेला. पहिला तुकडा बघून मी विचारलं, "हे फूल आहे का सांडलेलं वरण?"

"लांबून बघ."

लांबून बघितलं. वरणच होतं. तसं सांगितलं. तिने ते उसवलं, पिवळ्याच्या पोटात नारिंगीची एक चिंधी घातली, आणि काय सांगू, खिडकीबाहेरचं फूल आत आलं.

कात्रणं तिला खालून बटणवाली आणून द्यायची. ही बटणवाली कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. ती रोज मूठभर चिंध्या निवडून आणायची. कात्री म्हणायची, "अगं, पूर्ण गोणीच आण ना वर. माझी मी शोधते." तर ही म्हणे, "नको मावशी, धूळ असते, तुम्हाला खोकला होईल." जन्मभर कापडाची धूळ खाल्लेल्या बाईला खोकल्याची भीती! मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, माया असेल.

फुलं जमत आली, पण जांभळं कमी पडलं. खिडकीबाहेर सगळ्यांत जास्त तेच होतं, आणि बटणवाली आणायची ते सगळे नखाएवढे तुकडे. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना कात्री मला म्हणाली, "चल गं वहिनी, गोणीत हात घालू. खोकला झाला तर दोघींना होईल."

मागच्या खोलीत कात्रणाच्या गोण्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, भंगारवाल्यासाठी. तिने पहिली सोडली. वर चिंध्या होत्या. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि थांबली.

"काय झालं? उंदीर?"

 तिने हात बाहेर काढला तेव्हा त्यात एक गठ्ठा होता. चिंधीने बांधलेला. तिच्या गाठीने. तिने गाठ न सोडताच अंगठा कडेवरून फिरवला. मग परत फिरवला.

"वहिनी, या माझ्या कॉलरी आहेत."

"असतील. कारखानाच तुझा."

"अगं, या शिवायच्या कॉलरी आहेत. हे बघ." जांभळ्या कापडाच्या कडेला, मधोमध, एकीला लागून एक अशा दोन चिरा. "या इथे काय करतायत?"

मग आम्ही दोघींनी गोणी उलटी केली. खाली गठ्ठेच गठ्ठे. जांभळे, पांढरे, पिवळे. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती. दुसरी गोणी. तिच्यातही तेच. रोज सकाळी तिच्या पुढ्यात कापड ठेवलं जात होतं, तिने कापलेलं उचललं जात होतं, आणि पलीकडच्या खोलीत नेऊन गोणीत टाकलं जात होतं. आणि खऱ्या कॉलरी भाचा स्वतः कापत होता. हे बटणवालीला माहीत होतं. मशीनवरच्या प्रत्येकीला माहीत होतं. "हो मावशी" म्हणताना त्या माना का खाली घालत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

माझं डोकं भडकलं. "आत्ता वर जाऊन त्याचा कान धरते. आईला खेळणं देऊन बसवलं! पाळण्यावरचा खुळखुळा आहे का हा?"

"थांब," ती म्हणाली. ती उठून टेबलापाशी गेली. खिळ्यावरून पुठ्ठ्याचा नमुना काढला, कॉलर त्यावर ठेवली, आणि बोटांनी कड चाचपत नेली. डाव्या टोकाला कापड पुठ्ठ्याच्या आत गेलं होतं, उजव्या टोकाला बाहेर. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. गठ्ठा संपेपर्यंत एकेक ठेवत गेली. मी खुर्चीत बसून राहिले. तिला अडवण्याची हिंमत मला झाली नाही.

"त्याचं बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "एकही शिवण्याजोगी नाही. मी त्याच्या जागी असते तर तोंडावर फेकली असती."

"मग त्याने फेकायला हवी होती."

"हो," ती म्हणाली. "हवी होती."

मला वाटलं, आता गोधडी राहिली बाजूला. पण तिने ते गठ्ठे उचलून वर नेले. आणि त्या दिवसापासून चिंध्या बंद. अख्ख्या कॉलरी घ्यायची, टोकाला टोक लावून गोल मांडायची आणि फुलं करायची. कॉलर ही मुळातच पाकळीच्या जवळची वस्तू, लांबट, टोकाला निमुळती. जांभळ्या कॉलरींची मोठी फुलं, पांढऱ्या कॉलरींच्या छत्र्या. टीप मारताना चिरांचा भाग आत दुमडायची, पण एका जांभळ्या फुलाच्या चिरा तिने वरच ठेवल्या, अगदी कोपऱ्यात, हाताला लागतील अशा. आत जुनी मऊ चादर घातली, मागून साधं पांढरं अस्तर लावलं आणि वरून धावदोरा घातला. धावदोरा वाकडातिकडा गेला. वाऱ्याने गवत हलावं तसा दिसला. या सगळ्या दिवसांत ती रोज सकाळी खाली जाऊन टेबलावर बसत होती, समोर ठेवलेलं कापड कापत होती, गाठ मारत होती. त्याला काहीही कळू दिलं नाही.

"अगं, बोल ना त्याला!" मी रोज म्हणत होते.

"मी का बोलू? बोलायचं त्याने आहे. एकच वाक्य आहे, वहिनी. आई, हात गेला तुझा, ऊठ आता. एवढं म्हटलं की मी उठते. या गोधडीकडे बघून तो बोलेल. बोलायलाच हवं त्याला."

बाळ झालं. मुलगी. घरी आणल्यावर शेजारपाजारच्या चार बायका बघायला आल्या होत्या, बटणवालीही होती. कात्रीने गोधडी सुनेच्या मांडीवर ठेवली.

"अय्या, किती गोड!" सून म्हणाली. "आई, ही ती खिडकीबाहेरची फुलं ना? कसं हो सुचलं तुम्हाला!" सून साधी आहे, तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. बायकांनी हात लावून लावून बघितली. बटणवालीने एकदाच बघितलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली, ती परत आलीच नाही.

भाचा पाळण्याशी उभा होता. "बघ ना," म्हणून सुनेने गोधडी त्याच्या हातात दिली. त्याने उलगडली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. कापडातला माणूस तो, पाकळ्या कशाच्या आहेत हे कळायला त्याला कितीसा वेळ लागणार? त्याचा अंगठा कोपऱ्यातल्या फुलावर गेला, दोन चिरांवर, आणि तिथेच राहिला.

"कशी झालीय?" कात्रीने विचारलं.

"छान झालीय, आई."

"एवढंच?"

"म्हणजे... फारच छान झालीय."

"आणखी काही म्हणायचंय का तुला?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि गोधडी घडी करून पाळण्यात ठेवली. घडी करताना तो कोपरा आत घेतला.

बायका गेल्यावर ती मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "उद्या सकाळी खाली ये. साक्षीला."

"कसल्या साक्षीला?"

"ये तर."

सकाळी गेले. मशीनं चालू होती. तिच्या टेबलावर नेहमीची लहान थप्पी होती. तिने ती बाजूला सारली.

"हे नको," ती भाच्याला म्हणाली. "कुरिअरचा नवा तागा आलाय ना, तो दे."

तो घुटमळला. "आई, तो मोठा माल आहे. त्याचं मी बघतो. तू कॉलरी..."

"तो दे."

त्याने दिला. खांद्यावरून आणून ठेवला तिच्यापुढे. तिने तो पिवळाजर्द कोरा तागा टेबलभर उलगडला. पुठ्ठा घेतला नाही, खडू घेतला नाही. कात्री उचलली आणि कडेने नाही, मधून, थेट पोटातून कापायला लागली. पाकळी. पुन्हा पाकळी. एक मशीन थांबलं, मग दुसरं, मग सगळीच थांबली. तिचा हात थरथरत होता आणि कात्री आपल्या मर्जीने चालली होती. मध्येच वर बघून तिने अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "बरोबर कापतेय ना रे?"

तो पांढराफटक पडला होता. डोळ्यांसमोर गिऱ्हाइकाचं कापड वाया जात होतं. मी मनात म्हणत होते, बोल बाबा, आता तरी ओरड. शिवी दे हवी तर.

"हो आई," तो म्हणाला. "तुला हवं तसं काप."

तिने कात्री टेबलावर ठेवली. आदळली नाही, ठेवली. खुर्ची मागे सारून उठली आणि जिन्याने वर गेली. ती परत खाली आली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की कात्रीचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकाला उशिराचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं, ते भाच्याने दिलं: "आईला हल्ली समजत नाही हो." गिऱ्हाइकाला सांगितलेलं मग बायकोला सांगावं लागलं, बायकोला सांगितलेलं डॉक्टरला. डॉक्टरने आणखी एक गोळी वाढवली. एका वाक्याला घाबरलेल्या माणसाला किती वाक्यं बोलावी लागतात बघा.

मी त्याला गाठलंच. "तुला लाज वाटत नाही?" म्हटलं. "शहाण्या बाईला वेडी ठरवलंस, पण तोंडावर एक खरं बोलवलं नाही?"

"मामी, तिचं मन कसं मोडू मी?"

"मन सांभाळलंस होय! डोकं मोडलंस तिचं, ते?"

तो बराच वेळ काजाच्या मशीनवरचा दोरा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मास्तर उठले तेव्हा मी टेबलाखाली होतो. मला खालून त्यांचे हात दिसत होते, कोटाचं बटण लागत नव्हतं. ते आईने बघितलं नाही, मी बघितलं. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण असं कुणालाही कधी म्हणायचं नाही."

 पोराने आईचा धडा गिरवला नाही, उलटा गिरवला, आणि तो तिलाच भोवला. पण म्हणून मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. मास्तर निदान रस्त्याने शहाणा म्हणून चालत गेला.

ती आता वरच्या खिडकीशी असते. तिथून तो मोकळा पट्टा दिसत नाही, समोरची माझी गॅलरी दिसते. बोलते कमी. वेडी ठरलेल्या बाईने विनोद केला तर लोक हसत नाहीत, एकमेकांकडे बघतात. तिने ते दोनदा पाहिलं आणि सोडून दिलं. बाळ गोधडीवर निजतं. तोंडात घालायला त्याला तोच कोपरा सापडलाय, चिरांचा. सून म्हणते, "धुऊन धुऊन तिथलं सुटायला लागलंय, आई, शिवून द्याल?" तिला बिचारीला वाटतं, आईंना विरंगुळा.

परवा मी गेले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून त्याची थरथर बघत होती. दुसऱ्याची वस्तू बघावी तशी.

"वहिनी," ती म्हणाली, "तू सांग. माझा हात गेलाय ना?"

मी म्हटलं, "हो. गेलाय. पार गेलाय."

तिने मान हलवली. किती तरी दिवसांनी जराशी हसलीही.

"एवढंच ऐकायचं होतं," ती म्हणाली. "पण तुझ्याकडून नाही गं."